डावीकडून जरा वर

भिंतीवर एकदाच टकटक झाली आणि मिस्त्रींचा हातोडा वरच्या वर थांबला.

"आता काय झालं?" त्यांनी मला विचारलं. टकटक करणारा माणूस माझा सासरा, त्यामुळे जाब मला.

"एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला," मी सांगितलं. "आमच्या घरात हाच कायदा आहे. चहा झाला असणार."

चहा झालाच होता. बाबा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. उंबऱ्यावर क्षणभर पाय टेकवला, पायरी उतरले आणि मघाशी कोसळलेल्या विटांना वळसा घालून मिस्त्रींच्या बरोबर पुढ्यात येऊन उभे राहिले. विटा कुठे पडल्या ते त्यांनी ऐकून ठेवलं होतं. ट्रेमध्ये थेंबभर चहा सांडला नव्हता.

"घ्या. साखर जास्त घातलीय. मेहनतीचं काम आहे तुमचं."

"या वयात तब्येत काय ठेवलीय बाबांनी," मिस्त्री मला हळूच म्हणाले.

मी नुसती मान हलवली. बाबांना दिसत नाही हे मिस्त्रींना अजून कळलं नव्हतं. मीही सांगत नव्हते. भिंती पाडण्याच्या त्या दिवसांत हसायला दुसरं काही नव्हतंच.

बाबा निवृत्त बस कंडक्टर. गल्लीत 'कंडक्टरचं घर' म्हटलं की कुणीही आमचं दार दाखवतं. खच्चून भरलेल्या चालत्या गाडीत दांडीला हात न लावता उभं राहण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काचबिंदूने डोळे घेतले ते निवृत्तीनंतर, आणि तेही सावकाश. आधी कडा गेल्या, मग मधलं थोडं उरलं होतं तेही गेलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांना रडू आवरेना, तर हे म्हणाले, "अगं, डोळे गेलेत, जीभ आहे अजून. रडलीस तर ऐकू येतं मला."

नजर जाईपर्यंत आम्ही राहत होतो त्या मागच्या दोन खोल्या त्यांनी पायांत भरून घेतल्या. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चहा तेच करायचे. कपाटातलं कुठलंही भांडं न चाचपता काढायचे. माझ्या थोरलीने दप्तर वाटेत टाकलं की "डोळे आहेत की बटणं?" म्हणून तिलाच ओरडायचे. पाहुणे कावरेबावरे होत, आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे.

घर जुनं आणि लांबुळकं. पुढची दोन दालनं पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी दिली होती. मागच्या भागात आम्ही सगळे. मुली मोठ्या झाल्या, एकीचा अभ्यास सुरू झाला की दुसरीला झोपायला जागा उरेना. त्यात माझ्या नवऱ्याच्या छापखान्यात काम अर्ध्यावर आलं. व्यापाऱ्याने गोदाम सोडलं तेव्हा आम्ही दोघं रात्रंदिवस एकच हिशेब करत होतो. पुढच्या दालनांना माळा काढून तिथे आपण राहायचं आणि मागचा भाग भाड्याने द्यायचा, हे सरळ दिसत होतं. मागे स्वयंपाकघर होतं, मोरी होती, बोळात उघडणारं स्वतंत्र दार होतं. फक्त मागचा भाग म्हणजे बाबा, आणि ते बोलायचं कुणी यावर आमचं घोडं अडलं होतं.

शेवटी बाबाच बोलले. जेवताना, भाताचा घास हातात धरून.

"मागचं द्या भाड्याने. कुजबुजताय कशाला? भाडेकरूला स्वतःचं दार लागतं. मालकाच्या डोळ्यांदेखत येणं-जाणं कुणाला आवडेल?" मग जरा थांबून, "आमचे डोळे तसे निरुपद्रवी आहेत म्हणा."

"पण बाबा, तुम्हाला पुढे जमेल?" नवऱ्याने विचारलं.

"नवा रूट दिला म्हणून कंडक्टर राजीनामा देतो का? शिकेन." त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले. "एकच सांगतो. बाहेर पडलो की मी आंधळा असतो. घरात नसतो. तेवढं राहू दे."

नवऱ्याने ते वाक्य मनावर घेतलं. इतकं घेतलं की सगळा घोटाळा तिथूनच झाला.

मिस्त्रींना बाबांबद्दल कळलं ते रंगाच्या वेळी. ते रंगाच्या नमुन्यांचा कागद घेऊन आले आणि मानाने आधी बाबांच्या हातात दिला. "तुम्ही घरातले वडीलधारे, तुम्हीच निवडा."

बाबांनी कागद लांब धरला, जवळ आणला, मान तिरकी केली. "वरचा भडक आहे. मधला घ्या."

मी तोंडात पदर कोंबला. मिस्त्री "बरोबर, बरोबर" म्हणत मधल्यावर खूण करून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून त्यांना सगळं कळलं. बिचारे ओशाळून आले. बाबांनाच त्यांची समजूत काढावी लागली. नंतर मी विचारलं, "नुसतं 'छान आहेत सगळे' म्हणायचं ना? कशाला एवढं नाटक?"

"अगं, सगळंच छान म्हणणारा माणूस नीट बघत नसतो," बाबा म्हणाले. "थोडी खोट काढली की लोकांचा विश्वास बसतो."

मधला रंग पिकत आलेल्या लिंबासारखा निघाला. पण वडीलधाऱ्यांचा शब्द, म्हणून तोच लावला.

फरशीचं काम निघालं तेव्हा धुळीने बाबांना खोकला लागला आणि आम्ही त्यांना माझ्या नणंदेकडे पोचवलं. ते गेल्यावर नवऱ्याला जोर चढला. बाजारातून स्वतःची पाणसळ विकत आणली. छापखान्यातून आला की कपडे न बदलता गुडघ्यांवर बसायचा आणि मिस्त्रींनी बसवलेल्या प्रत्येक फरशीवर ती पाणसळ ठेवून आतला बुडबुडा मधोमध येतो का ते बघायचा. नाही आला की फरशी उचलायला लावायचा. मिस्त्री वैतागले. "साहेब, गोट्या खेळायच्यात का इथे?" तो हसायचा नाही. "माझ्या वडिलांना घरात ठेच लागता कामा नये," म्हणायचा. एकही उंबरा ठेवला नाही, पायरी ठेवली नाही. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एकच फरशी, एकच पातळी. खर्च सगळा पुढच्या भागाने खाल्ला, म्हणून मागे नुसता रंग मारला आणि जुनी जमीन तशीच ठेवली.

बाबा परत आले त्या दिवशी नवरा दारातच उभा होता. त्यांना हात धरून आत आणलं आणि हात सोडला.

"चाला बाबा. कुठे अडखळायला नाही. अगदी डोळे मिटून…" आणि जीभ चावली.

बाबा मोठ्याने हसले. चार पावलं गेले, थांबले, आणखी चार गेले. "वा. छान आहे. छान केलंस."

नवऱ्याचा चेहरा इतका उजळला की मला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. नाहीतर त्या 'छान'ला मी तिथेच अडवलं असतं.

त्यानंतर बाबा खुर्चीत बसायला लागले. खिडकीजवळ खुर्ची होती, सकाळी तिथे बसले की जेवायलाच उठायचे. पहाटेचा चहा बंद झाला. मी म्हटलं, नवी जागा आहे, होईल सवय. धाकटी म्हणाली, आजोबा बाथरूमला जाताना मला हाक मारतात. तेही मी नवी जागा म्हणून सोडून दिलं. घर लावायच्या गडबडीत माणूस किती गोष्टी सोडून देतो.

मग एका दुपारी मी माळ्यावरून उतरत होते आणि बाबा खाली हॉलच्या मधोमध उभे दिसले. एक पाय पुढे-मागे फरशीवर घासत होते. मग दुसरा. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि हवेत चाचपत निघाले. स्वयंपाकघर डावीकडे होतं, ते उजवीकडे चालले होते.

एवढ्या वर्षांत बाबांचे हात असे पुढे आलेले मी कधी पाहिले नव्हते. हाक मारायलाही धीर होईना, कारण हाक मारली तर मी बघितलं हे त्यांना कळलं असतं. शेवटी मी जिन्यावर मुद्दाम पाय आपटले. हात लगेच खाली गेले.

"कोण, तू का? मी जरा पाय मोकळे करत होतो."

"बाबा, खरं सांगा."

"काय खरं?"

"मुलाला छान म्हणालात. मला काय म्हणता?"

त्यांनी पुन्हा एक पाय फरशीवर घासला. मग म्हणाले, "मागे स्वयंपाकघराचा दगड खरखरीत होता आणि गार. खोलीतलं सिमेंट मऊ. मोरीकडे उतार होता, मधे उंबरा. पाय पडला की कळायचं कुठला स्टॉप आला. इथे सगळीकडे एकच लागतं गं पायाला. पाऊल टाकलं की मी कुठेच नसतो."

"मग बोलायचं ना."

"त्याने म्हणे गुडघ्यांवर बसून एकेक फरशी तपासली. मिस्त्रींनीच सांगितलं मला. काय बोलू?"

बोलायचं काम मग माझ्यावर आलं. मला त्याचं विशेष अवघड वाटत नाही, हे घरातले सगळे सांगतील. संध्याकाळी नवऱ्याचा चहा व्हायच्या आत मी त्याला सांगितलं की फरशी फोडायची आहे.

"नवीकोरी फरशी?"

"दारादारांत. नुसत्या पट्ट्या. तिथे खडबडीत दगड बसवायचा."

"म्हणजे मी जे काढलं तेच परत घालायचं?"

"हो."

"मी त्यांच्यासाठीच केलं होतं ते."

"माहीत आहे. मलाही नाही सुचलं. तू विचारलं नाहीस, मी विचारलं नाही, आणि ते बोलले नाहीत. तिघंही शहाणे."

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता दोन दिवस अबोला. पण थोड्या वेळाने आत आला, चपला काढल्या, मोजे काढले, हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि डोळे मिटले. तो चालायला लागला, वळला, परत वळला आणि कपाटावर आपटला. कपाळ चोळत तसाच खाली बसला. सकाळी मिस्त्रींना फोन त्यानेच केला.

मिस्त्री आले ते हात जोडूनच. "आता पुन्हा पाणसळ आणू नका म्हणजे झालं."

त्या दिवशीचं काम बाबांनी चालवलं. अनवाणी, एक हात भिंतीवर ठेवून, मुख्य दारातून निघाले. पुढे ते, मागे खडू घेऊन नवरा, त्याच्या मागे मिस्त्री. जिथे खूण हवी तिथे बाबांनी भिंतीवर एकदा टकटक करायची, की नवरा वाकून फरशीवर रेघ ओढणार. रेघ झाली की बाबांच्या दोन टकटक आणि वरात पुढे.

"स्वयंपाकघर," बाबा पुकारायचे. "उतरणारे पुढे या."

"इथे उंबरा घालू का जरा वर काढून?" मिस्त्रींनी विचारलं.

"घाला. ठेच लागली तर लागू दे. ठेच लागली म्हणजे मी कुठे आहे ते तरी कळेल."

नवरा खाली वाकलेला होता. त्याने नुसताच शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला. बाबांनी हात खाली नेला, चाचपडत त्याच्या डोक्यावर ठेवला आणि भिंतीवर दोनदा वाजवलं.

काळ्या दगडाच्या पट्ट्या बसल्या, स्वयंपाकघराला खरखरीत उंबरा आला, मोरीसमोर मिस्त्रींनी आपल्या मनाने छिन्नीच्या घावांचा दगड टाकला आणि त्याची मजुरी घेतली नाही. पहाटेचा चहा परत सुरू झाला. दोन कप फुटले, पण झाला. मात्र पूर्वीसारखं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. बाबा आता भिंतीला हात लावून चालतात. मागच्या घरात ते तरुणपणापासून वावरले होते, डोळे शाबूत असल्यापासून. नवं घर त्यांनी कधी पाहिलेलं नाही. हा फरक मिस्त्रींच्या हातचा नव्हता.

भाडेकरू म्हणून आली ती एक नर्स, एकटी राहणारी. सामान थोडं, बोलणं त्याहून थोडं. नवरा कामावर, मुली शाळेत, आणि माझ्या हाताला कणीक. बाबा खुर्चीतून उठले.

"मी दाखवतो त्यांना घर. तू नंतर ये."

बोळातल्या दारापर्यंत ते भिंतीच्या आधाराने गेले. मी हात धुऊन मागोमाग निघाले, तोवर ते उंबऱ्यावर पोचले होते. तिथे त्यांनी भिंतीवरचा हात काढला.

मग ते सरळ चालत आत गेले. खोली ओलांडली, उतरती पायरी उतरले, मोरीकडच्या उतारावर पाय जरा आखडता घेतला. "हा पाण्याचा मुख्य कॉक. हा अर्धाच फिरवा, पूर्ण फिरवला तर गळतो." हात बरोबर कॉकवर. "हे बटण पंख्याचं, वरचं दिव्याचं. ही खिडकी ढकलून उघडायची, तिला ओढलेलं चालत नाही." नर्सबाई त्यांच्या मागे मान डोलावत फिरत होती. मी दारातच उभी राहिले. किती दिवसांनी मी माझ्या सासऱ्यांना असं ताठ चालताना बघत होते. मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं, कारण हे घर आता त्यांचं नव्हतं.

सामान आत लागल्यावर नर्सबाईने आपल्या नावाची लाकडी पाटी काढली. वर दोरी होती, दाराशेजारी खिळा होता. ती स्टुलावर चढली, पाटी अडकवली आणि पाठ आमच्याकडे असतानाच म्हणाली, "काका, सरळ आहे का बघता?"

मी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्या दिशेने हात जरासा वर केला. मग दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

"डावीकडून जरा वर घ्या."

पाटी अगदी सरळ होती. नर्सबाईने खांद्यावरून मागे वळून बाबांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला आता वाटतं. मग तिने दोरी सरकवली आणि पाटी डावीकडून वर घेतली.

"आता?"

"आता बरोबर."

"थँक यू काका."

परत येताना बोळात बाबांचा हात पुन्हा भिंतीवर गेला. आमच्या दारातल्या दगडाच्या पट्टीवर पायाचा अंगठा टेकवून ते थांबले. "तिला सांगू नकोस," म्हणाले. "कळेल तेव्हा कळेल. तोवर एका तरी माणसाला दिसत असू दे मला."

मी बरं म्हटलं. माझा आवाज त्यांना खटकला असणार, कारण त्यांनी माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी नवरा आला, बोळातून फेरी मारून आत आला आणि टेबलाच्या खणातून पाणसळ काढली. "त्यांची पाटी वाकडी लागलीय. दोन मिनिटांत सरळ करून येतो."

"खबरदार," मी म्हणाले. आणि मुली झोपल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याने पाणसळ खणात ठेवली, खण बंद केला आणि दिवा मालवला.

गल्लीत अशी गोष्ट किती दिवस लपून राहणार. चहावाला तोच, तोंड तेच. नर्सबाई येता-जाता "काका, आज ऊन फार आहे, बाहेर पडू नका" म्हणायची, बाबा "बघतोय ना" म्हणायचे, आणि तिला कळलंय की नाही याचा मला थांग लागायचा नाही. तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे.

परवा तिला सुट्टी होती. मी बोळात कपडे वाळत घालत होते. तिने दार धुतलं, जाळी पुसली, मग खिळ्यावरची पाटी काढून ओल्या फडक्याने पुसली, पदराने कोरडी केली. परत अडकवली. दोरी मधोमध बसली आणि पाटी आपोआप सरळ झाली. ती दोन पावलं मागे गेली, पाहिलं, पुन्हा पुढे झाली आणि एका बोटाने डावीकडची बाजू जराशी वर केली.

आमच्या बाजूने भिंतीवर एकदा टकटक झाली. बाबांचा चहा झाला होता.